निबंध आणि साक्ष

गडचिरोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात आम्ही काही वर्षे भाषेचा विषय शिकविला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकदा आम्ही ‘माझे आवडते ठिकाण’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. भामरागडकडून आलेल्या एका माडिया विद्यार्थ्याने समुद्रकिनाऱ्यावर दीड पान लिहून दिले. फेसाळत्या लाटा, मावळतीचा सूर्य, वाळूतले शिंपले, दूरवर दिसणारी शिडे, काही म्हणता काही राहिले नव्हते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आम्ही दहापैकी सात गुण दिले आणि वही मिटली.

पुढे काही दिवसांनी बोलता बोलता कळले, की या मुलाने समुद्र कधीही पाहिलेला नाही. तो ज्या भागात वाढला तेथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा जगाशी असलेला संबंध तुटतो. आम्ही त्याला विचारले, “मग संगमावर का नाही लिहिलेस?” तो शांतपणे म्हणाला, “सर, त्याचा निबंध पुस्तकात नाही.”

त्या सात गुणांची आम्हांला आजही लाज वाटते. चूक त्या मुलाची नव्हती. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष त्याने दिली होती आणि आम्ही ती खरी धरून तिच्यावर शिक्का मारला होता. निबंध लिहिणे म्हणजे पाठ केलेले सुंदर शब्द योग्य जागी बसविणे, असे त्याला कोणी शिकविले? आणि ज्यांच्या घरची भाषा मराठी नाही, अशा मुलांना विचार मांडावयास शिकवायचे ते कसे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आम्हांला इतिहासात बरेच मागे जावे लागले. वाटेत आपल्या ख्रिस्ती परंपरेतीलही काही माणसे भेटली. तो प्रवास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दापासूनच सुरुवात करू. ‘निबंध’ हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. पण त्याचा जुना अर्थ निराळा होता. धर्मशास्त्रात एखाद्या प्रश्नावरची निरनिराळी वचने गोळा करून, ती एकमेकांशी ताडून, त्यांतून निर्णय बांधणाऱ्या ग्रंथाला निबंध म्हणत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचा तेराव्या शतकातील ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा असाच एक प्रचंड निबंधग्रंथ होय. म्हणजे आधार गोळा करणे आणि त्यांची बांधणी करणे हा या शब्दाचा गाभा होता. युरोपात १५८० साली मोंतेन्य या फ्रेंच लेखकाने आपल्या छोट्या गद्यलेखांना जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘प्रयत्न’ किंवा ‘चाचपणी’ असा होतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणाबरोबर ही दुसरी कल्पना आपल्याकडे आली आणि तिला जुनाच शब्द मिळाला. मराठी निबंधाला असे दोन पूर्वज आहेत. एक म्हणतो, आधार दे. दुसरा म्हणतो, स्वतः विचार करून पाहा. आमच्या विद्यार्थ्याच्या समुद्रात यांपैकी एकही नव्हता.

या गद्याला लागणारी साधी साधनेसुद्धा मराठीला तेव्हा मिळवावी लागली. मोडी लेखनात शब्द तोडण्याचीही रीत नव्हती. मग स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह कोठले? मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात सहभागी असलेला मेजर थॉमस कँडी याने १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. जन्माने इंग्रज असलेला हा माणूस मराठीचा विद्यार्थी म्हणून आला आणि मराठी लेखकांची वाक्ये तपासू लागला. त्याच्या मराठीवर पुढे टीका पुष्कळ झाली, आणि ती अगदीच अकारण नव्हती. तथापि ‘जर’ कोठे संपते आणि ‘तर’ कोठे सुरू होते हे डोळ्यांना दाखविणारी खूण त्या काळात रुळली, म्हणून लांब युक्तिवाद कागदावर उभा राहू शकला.

आणि लगोलग त्याचा एक असा पुरावा मिळाला, की ज्याची बरोबरी आजही थोड्याच निबंधांना करता येईल. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी. तिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च या दोन अंकांत छापून आला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र, १८४२ साली अहमदनगरात सुरू झालेले. एका शाळकरी मुलीची वही एका ख्रिस्ती नियतकालिकाने आपल्या पानांवर आणली, ही गोष्ट आपल्यासारख्या नियतकालिकांच्या वाचकांनी विसरू नये.

त्या निबंधाची बांधणी पाहण्यासारखी आहे. मुक्ताबाई आपले दुःख सांगून थांबत नाही. वेद केवळ आमचे, इतरांनी ते पाहूही नयेत, असे जे म्हणतात त्यांचे म्हणणे ती आधी उचलते. ते खरे धरले तर आम्हांला धर्मपुस्तकच नाही, म्हणजे आम्ही धर्माविना आहोत, हा निष्कर्ष ती त्यांच्याच शब्दांतून काढते. आणि मग थेट देवालाच विचारते, की आमचा धर्म कोणता ते सांग. त्यानंतर एकामागून एक पुरावे येतात: पेशवाईतील तालीमखान्यापुढून जाणाऱ्यांची झालेली दशा, इमारतींच्या पायांत गाडलेली माणसे, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रिया. उतरंडीत वर असलेल्यांचा तिरस्कार खालच्यांच्याही अंगी उतरतो, हे अवघड सत्य सांगावयासही ती कचरत नाही. शेवटी ती आपल्या लोकांना विद्येचे औषध घेण्याची विनवणी करते. दावा, प्रतिपक्ष, पुरावा, निष्कर्ष हे सारे त्यात आहे. तिला ते कोणी साच्यातून शिकविले नव्हते. तिच्यापाशी सांगण्यासारखे होते, आणि ते तिने स्वतः पाहिलेले व घरच्यांकडून ऐकलेले होते.

मग ही वाट हरवली कोठे? १८७४ ते १८८१ या काळात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली. तिने मराठी गद्याला डौल दिला, जोर दिला, आत्मविश्वास दिला. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या डौलाची नक्कल करणे हे त्यातील विचाराची परीक्षा करण्यापेक्षा सोपे होते. शाळांनी सोपे ते उचलले. वर्णनात्मक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्तात्मक असे कप्पे पडले. ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ आणि ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ हे विषय ठरून गेले. आणि परीक्षेच्या बाजारात तयार निबंधांची पुस्तके आली. शहरातील मराठी घरच्या मुलाला या पुस्तकातून निदान आपल्याच बोलीच्या जवळची भाषा मिळते. अरण्यातील मुलाला मात्र त्यातून दुहेरी परकेपणा मिळतो: भाषाही परकी आणि अनुभवही परका.

हा परकेपणा समजण्यासाठी या मुलखाची भाषिक घडण पाहिली पाहिजे. पूर्वीचा चांदा जिल्हा हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाचा. १९६४ साली त्याचे नाव चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. धानोरा, एटापल्ली, भामरागड या भागांत गोंडी आणि माडिया, प्राणहिता व गोदावरीच्या काठी सिरोंच्याकडे तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगडी, १९६० च्या दशकापासून पूर्व पाकिस्तानातील निर्वासितांच्या वसाहती झाल्या तेथे बंगाली, आणि ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा या पट्ट्यात मराठीचीच पण पुस्तकी मराठीहून वेगळी अशी झाडीबोली. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ या साऱ्यांचे विद्यापीठ होते, आणि सिरोंच्याच्या विद्यार्थ्यापासून ते साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर होते. २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ निघाले, तेव्हा कोठे या दोन जिल्ह्यांना स्वतःचे विद्यापीठ मिळाले. येथील बहुसंख्य विद्यार्थी, हजेरीपटावर त्यांचा विषय कोणताही असो, प्रत्यक्षात भाषेचेच विद्यार्थी असतात.

गोंडी ही द्राविड कुळातील भाषा, हे आपण पुस्तकात वाचतो. पण त्याचा अर्थ वही तपासताना कळतो. मराठीत तीन लिंगे. गोंडीत पुरुष एका बाजूला, आणि स्त्रिया, जनावरे, वस्तू असे बाकीचे सारे दुसऱ्या बाजूला. म्हणून माडिया मुलगा जेव्हा ‘आई जंगलात गेलं’ असे लिहितो, तेव्हा तो निष्काळजी नसतो. तो आपल्या मातृभाषेचे व्याकरण इमानाने पाळत असतो. तेलुगूतही एकवचनात जवळजवळ हीच व्यवस्था आहे, त्यामुळे सिरोंच्याच्या मुलाचीही चूक त्याच जातीची. आम्ही अशा प्रत्येक ठिकाणी लाल शाईचे वर्तुळ काढीत होतो. वर्तुळांनी वही भरली, की मुलाच्या मनात एकच निष्कर्ष उरतो: स्वतःचे वाक्य लिहिले तर चुकते, पुस्तकातले लिहिले तर चुकत नाही. समुद्रकिनाऱ्यावर जाण्याची वाट ही अशी तयार होते.

येथे आपल्या धर्मप्रांताच्या इतिहासातील एक गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. १९६२ साली चांदा हे सिरो-मलबार धर्मसभेचे स्वतंत्र मिशनक्षेत्र झाले; आधुनिक काळात त्या धर्मसभेला केरळबाहेर मिळालेले हे पहिलेच क्षेत्र. ते सी.एम.आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले आणि फादर जनुआरियुस पालाथुरुथी त्याचे पहिले प्रमुख झाले. १९७७ साली धर्मप्रांत स्थापन झाल्यावर तेच पहिले बिशप झाले. बल्लारपूर हे त्याचे केंद्र. हे सारे धर्मगुरू आणि त्यांच्यामागून आलेल्या धर्मभगिनी मल्याळम् बोलणाऱ्या. मल्याळम् हीदेखील द्राविड भाषा. तिच्यात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतच नाही. ‘बाई आला’ आणि ‘मुलगा आली’ अशा प्रवचनातील वाक्यांवर आपल्या किती कुटुंबांनी प्रेमाने हसून घेतले असेल! त्या हसण्यात कोणी त्या फादरांना बुद्धीने कमी समजले नाही. उलट, परक्या भाषेत देवशब्द सांगण्यासाठी ते किती कष्ट घेतात, याचेच कौतुक झाले.

मग तीच चूक माडिया मुलाच्या वहीत आली, की तिच्याकडे आपण वेगळ्या नजरेने का पाहतो? एकाच भाषाकुळातून आलेली दोन माणसे, मराठीच्या एकाच उंबरठ्यावर अडखळतात. एकाला आपण भाषा शिकणारा म्हणतो आणि दुसऱ्याला ‘कच्चा’ म्हणतो. मोठेपणी मराठी शिकलेल्या एखाद्या फादरांना किंवा सिस्टरांना त्या मुलाची अडचण आपल्याहून चटकन कळावी, कारण तीच वाट त्यांनी स्वतः तुडविलेली असते.

या वाटेचा आपला आद्य प्रवासी म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली ते गोव्यास उतरले तेव्हा तीस वर्षांचे होते. येथील भाषेचे एक अक्षर त्यांना येत नव्हते. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात या देशातील भाषांची ग्रीक-लॅटिनशी असलेली जवळीक त्यांनी नोंदविली. ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले ते १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आपण अभिमानाने मिरवितो, पण त्यामागची ही सदतीस वर्षांची उमेदवारी आपण मोजत नाही. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण तर त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले. भाषा शिकणाऱ्याने आपल्या शिकण्याची टिपणे पुढच्या शिकणाऱ्यासाठी ठेवली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्याविषयीच्या आदेशात धर्मप्रसारकांनी लोकांची भाषा सफाईने व सौष्ठवाने बोलता यावी इतकी शिकावी, असे जे सांगितले, ते स्टीफन्ससारख्यांनी कित्येक शतके आधी करून दाखविले होते.

स्टीफन्स ज्या येशूसंघाचे होते, त्या संघाने १५९९ साली आपल्या शाळांसाठी एक शिक्षणसंहिता केली. लेखनाच्या तपासणीविषयी तीत सांगितलेली एक रीत आम्हांला उशिरा कळली. इतर विद्यार्थी दुसऱ्या अभ्यासात गुंतलेले असताना शिक्षकाने एकेकाला जवळ घेऊन, हलक्या आवाजात त्याचे लेखन तपासावे. चारशे वर्षांपूर्वीच्या या साध्या रीतीत विद्यार्थ्याची अब्रू राखली जाते आणि चूक कशामुळे झाली हे विचारण्यास वाव राहतो. लाल वर्तुळ काही विचारीत नाही.

विचार मांडण्याच्या शिस्तीविषयीही आपल्या घरात मोठे भांडार आहे. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात ‘सुमा थिऑलॉजिका’ हा ग्रंथ रचला. त्यातील प्रत्येक लेखांकाची सुरुवात प्रश्नाने होते. मग संत थॉमस आपल्या मताविरुद्धचे आक्षेप मांडतात, आणि ते दुबळे करून नव्हे, तर होतील तितके बळकट करून मांडतात. त्यानंतर विरुद्ध बाजूचा एखादा आधार, मग स्वतःचे उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचा परामर्श. आपल्याकडील शास्त्रकारही पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धान्त याच क्रमाने जात. आज विद्यापीठात ज्याला अभ्यासपूर्ण निबंध किंवा लघुप्रबंध म्हणतात, त्याची रचना याहून फार वेगळी नसते. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे सांगता आल्याखेरीज स्वतःचे म्हणणे सिद्ध होत नाही, ही त्यातील नैतिक बाजू आहे. ती कळली, की निबंध हा केवळ भाषेच्या पेपरातील प्रश्न राहत नाही.

परंतु आमच्या वर्गातील मुलांना अक्विनास सांगून काय समजणार, असे आम्हांला वाटे. तो भ्रम दूर झाला तो याच जिल्ह्यातील एका गावामुळे. धानोरा तालुक्यातील मेंढा हे गोंडांचे लहानसे गाव. शेजारच्या लेखा गावावरून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. १९८० च्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टणम् धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्यानंतर देवाजी तोफा आदी गावकरी आणि २०२५ साली दिवंगत झालेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून या गावात अभ्यासगटाची पद्धत रुजली. अभ्यासगटात कोणताही प्रश्न घेऊन चर्चा करायची, माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकारांनाही बोलवायचे. पण निर्णय मात्र तेथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला, तर त्याचे म्हणणे पुन्हा ऐकायचे. पूर्वपक्ष ऐकल्याशिवाय सिद्धान्त नाही, हा नियम येथे निरक्षर आजीसुद्धा पाळत होती.

२००६ साली वनहक्क कायदा झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. गावाने आपल्या जंगलावर सामूहिक हक्काचा दावा करायचा, तर तो लेखी करावा लागतो आणि त्याला एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. पुराव्यांच्या यादीत सरकारी कागद आहेत, नकाशे आहेत. आणि त्याच यादीत दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकिकतही आहे. ही तरतूद आम्ही प्रथम वाचली तेव्हा थबकलो. म्हाताऱ्या माणसाने सांगायचे, शिकलेल्या नातवाने लिहायचे, आणि त्या कागदाला कायद्याने पुरावा मानायचे! मेंढ्याने २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यामागे दोन दशकांहून अधिक काळाचा अभ्यास होता. दावा कसा मांडावा, पुरावा कशाला म्हणतात, आक्षेपाला उत्तर कसे द्यावे, हे सारे त्या गावाने जगून शिकले. आमचे विद्यार्थी अशाच गावांतून येत होते. आणि आम्ही त्यांना फाटक्या पुस्तकाचे मनोगत लिहावयास सांगत होतो.

एका गैरसमजाचे मात्र येथेच निरसन केले पाहिजे. मुलाने आपल्याच अनुभवाचे लिहावे, याचा अर्थ त्याने आपल्याच भाषेत आणि आपल्याच रानात राहावे, असा कोणी घेऊ नये. प्रमाण मराठी त्याला पक्की आलीच पाहिजे. तहसील कचेरीतील अर्ज, स्पर्धा-परीक्षा, विद्यापीठातील प्रबंध हे त्याच भाषेत आहेत, आणि ती न देणे म्हणजे दार लावून घेणे होय. प्रश्न आहे तो क्रमाचा. आधी सांगण्यासारखे काही हाती द्यावे, मग ते शुद्ध कसे सांगावे ते शिकवावे. हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे प्रथम माडिया शिकले. १९७६ साली तेथे शाळा निघाली ती त्यानंतर. झाडीबोलीचेही असेच. पाण्याला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्षानुवर्षे हसले गेले. पण डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी त्याच बोलीवर प्रबंध उभे केले, आणि झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्य घालविणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली ‘पद्मश्री’ मिळाली. हसण्याचा विषय अभ्यासाचा विषय झाला, कारण कोणीतरी तो आधारासह लिहून काढला.

इतके वाचल्यावर आम्ही वर्गात एक बदल केला. मुक्ता साळवेंचा निबंध मोठ्याने वाचून दाखविला आणि विषय दिला: ‘आमच्या घरचे एक काम’. अट एकच होती. प्रत्येकाने एक तरी गोष्ट स्वतः मोजावी आणि एका तरी वडील माणसाला विचारून त्याचे म्हणणे लिहावे.

समुद्रावर लिहिणारा तो मुलगा या वेळी तेंदूपत्त्यावर चार पाने लिहून घेऊन आला. मे महिन्याच्या उन्हात पहाटे जंगलात जायचे, दुपारपर्यंत पाने आणायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यायचे. आई आणि दोन बहिणी मिळून दिवसाला दोनशे पुडे बांधतात, म्हणजे चौदा हजार पाने हातांखालून जातात, हा हिशेब त्याने मांडला होता. आजीने सांगितलेली जुन्या काळच्या मजुरीची हकिकत होती. मोजणीत खराब पानांच्या नावाखाली पुडे बाजूला काढतात, ही तक्रार होती. आणि त्यापुढे, खराब पान खरोखरच विडीला चालत नाही, हे मोजणाऱ्याचे म्हणणेही त्याने आपण होऊन लिहिले होते. शेवटी त्याने विचारले होते, की पान खराब आहे हे ठरविताना ते बांधणारीलाही विचारावयास नको काय?

चार पानांत लिंगाच्या एकोणीस चुका होत्या. आम्ही त्याला जवळ बोलावले आणि दोघांनी मिळून त्या एकेक करून काढल्या. ‘आई गेलं’ हे माडियात का बरोबर आहे, ते त्याने आम्हांला समजावून दिले, आणि मराठीत ‘आई गेली’ का, ते आम्ही त्याला. तास संपला तरी ते काम संपले नव्हते.

आपल्या श्रद्धेचा एक ग्रंथ असाच सुरू होतो, याचे आम्हांला त्या दिवशी स्मरण झाले. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच थिओफिलाला सांगतो, की ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडून आलेले सर्व काही मी मुळापासून शोधले आहे आणि ते तुला क्रमवार लिहून देत आहे. पाहिलेल्यांना विचारणे, शोध घेणे, क्रम लावणे, आणि वाचणाऱ्याला खात्री पटावी म्हणून लिहिणे, एवढेच तर अभ्यासपूर्ण निबंधाचे काम आहे. ज्या समाजाचे धर्मजीवन साक्षीवर उभे आहे, त्या समाजातील मुलांनी खोटी साक्ष लिहून गुण मिळवावेत, हे शोभत नाही.

म्हणून आमची आपल्या पॅरिशमधील कुटुंबांना एक विनंती आहे. येत्या सुट्टीत मुलाच्या हाती तयार निबंधांचे पुस्तक देण्याऐवजी कोरी वही द्यावी. घरातील वृद्ध माणसाजवळ त्याला बसवावे. गावात चर्च केव्हा आले, विहीर कोणी खणली, पहिल्या फादरांची मराठी कशी होती, हे विचारून लिहावयास सांगावे. आणि जे विचारले त्याला दुसऱ्या कोणाचा दुजोरा आहे का, तेही पाहावयास सांगावे. चुका होतील. त्या शेवटी तपासाव्यात, हलक्या आवाजात.

आणि आमच्याप्रमाणे ज्यांच्या हाती वह्या तपासण्याचे काम आहे, त्यांनी गुण देण्यापूर्वी एकदा विचारावे: हे तू पाहिले आहेस का?